पोरेचा कॅम्प

आमच्या बेंगळुरात कुणाचा मान करायचा म्हटला की आधी त्याचं डोकं झाकावं लागतं. खांद्यावर शाल, गळ्यात हार, हातात फळांची टोपली, आणि ह्या सगळ्याच्या वर म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीकाठाची तयार पगडी. पेटा नसला तर मान झाला असं कुणी धरतच नाही. साहेब रिटायर झाला, पेटा. कुणी शाळेला घंटा दिली, पेटा. ते पेटे बांधायचं काम आमच्या घरात माझ्या आजोबांपासून चालत आलं. चिकपेटेच्या एका बोळात आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यावर मी. मी बसलेला, गिऱ्हाईक उभं. ते मला आवडायचं.

शाळा मी दुसरीत सोडली. शाळेनं मला सोडलं असं आमच्यातले काही लोक म्हणतात, ते खोटं आहे.

पेटा बांधायला एक लाकडी डोकं लागतं. त्याच्यावर पुठ्ठ्याची टोपी बसवायची, तिच्यावर कापड ओढून चुण्या घालायच्या, एकीला एक चिकटून, बोटानं मोजल्यासारख्या, आणि आतून टाका मारत जायचं. टाका दिसला तर काम गेलं. चुणी वाकडी झाली तर पेटा नाही, भिजलेली कोबी. माझं लाकडी डोकं फणसाचं होतं, आजोबांच्या वेळचं. बायको गिऱ्हाइकांना सांगायची, "दुकानात लाकडी डोकी दोन आहेत. एक बोलत नाही, तेवढं बरं आहे."

नव्वद साल उलटून गेलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. मला सुईत दोरा ओवता येईना. दोष माझा नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. सुया करणारे कारखाने भोकं बारीक करायला लागले होते. मग दुकानातला बल्ब पिवळा पडला. मी तो बदलला. नवाही पिवळाच निघाला, आणि त्याच्याभोवती एक गोल कडं दिसायला लागलं, देवाच्या फोटोत असतं तसं. मी दुकानदाराशी भांडून तिसरा आणला. बायकोनं एक दिवस काही न बोलता सकाळीच सगळ्या सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवले. मग ते रोजचंच झालं. मी उशीवरची सुई उचलायचो आणि कामाला लागायचो.

पण काम चालू होतं. रोज दुपारी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफीला जायचो. तिथे चार ओळखीचे भेटायचे, तासभर सहज जायचा. तोवर बायको दुकानात बसायची. परत आलो की पेटे फळीवर ओळीनं मांडलेले. मी एकेकावरून बोटं फिरवायचो. चुण्या सरळ. बोटं सांगत होती की सगळं ठीक चाललंय, मग डोळ्यांचं कोण ऐकतो?

आमच्या बोळाच्या तोंडाशी साड्यांचा एक होलसेलवाला होता. तो एका समाजसेवेच्या क्लबाचा सेक्रेटरी. क्लबात वकील, डॉक्टर, दुकानदार, सगळे आपापलं काम सांभाळून येणारे. त्यांची कामं मुख्य दोन. एक, गोरगरिबांचे डोळे. दुसरं, तरुण पोरं. कॉलेजातल्या मुलामुलींची त्यांनी वेगळी शाखाच काढली होती. ती मुलं भाषणं करायची, झाडं लावायची, शिबिरं भरवायची. दर समारंभाला क्लबाचे पेटे माझ्याकडून. त्यामुळे सेक्रेटरी आला की मी त्याला बसायला स्टूल द्यायचो. एरवी देत नाही.

"अण्णा," तो म्हणायचा, "एकदा डोळे दाखवून टाका की. आमचा कॅम्प असतो, पैसे लागत नाहीत."

"पैसे लागत नाहीत म्हणूनच येत नाही. आमच्या घराण्यात कुणी फुकटचं घेतलं नाही."

आतून बायको म्हणायची, "फुकटचं देतात मात्र भरपूर. सल्ला."

"सरी अण्णा, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून तो हसत निघून जायचा.

खरं कारण फुकटचं नव्हतंच. चिकपेटेत बातमीला पाय नसतात, पंख असतात. डॉक्टरनं एकदा म्हटलं असतं की पेटेवाल्याला दिसत नाही, तर संध्याकाळच्या आत ऑर्डरी पलीकडच्या बोळात गेल्या असत्या. आणि डोळ्याला चाकू लावून तो बिघडला तर? दुसरी कुठली विद्या मला येत नव्हती. दोन हात आणि दोन डोळे, एवढंच माझं शिक्षण. ते गेलं तर फळीवर बसून मी काय करणार, येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम? हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती.

आता शब्दाचं सांगतो, कारण सगळा घोळ त्या शब्दानं केला. कन्नडात मोतीबिंदूला पोरे म्हणतात. दुधावर साय धरते तशी डोळ्यावर धरते ती पोरे. आणि आमच्या घरच्या मराठीत, जिच्यात निम्मं कन्नड आहे हे मला मान्य आहे, लेकरांना कधी पोरं म्हणतात, कधी पोरे.

एक दिवस कॉफी पिऊन आलो तर बायको म्हणाली, "सेक्रेटरी येऊन गेले. हेब्बाळच्या शाळेत पोरेचा कॅम्प आहे. पाहुण्यांसाठी पेटे पाहिजेत. तुम्ही स्वतः घेऊन या म्हणालेत."

मी ऐकलं, पोरांचा कॅम्प. त्यात नवल काय? क्लब पोरांचं करायचाच. मी म्हटलं, "स्वतः कशाला? माणूस पाठवतो."

"पोरेचं काम आहे. मोठ्या माणसानं गेलेलं बरं दिसतं."

मोठ्या माणसानं, हे मला पटलं.

निघायच्या दिवशी सकाळी बायको शेवटचा पेटा मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "काय करतेयस?"

"धूळ झटकतेय."

"कालच बांधलाय, धूळ कसली? आण इकडे." आणि मी तो तिच्या हातातून ओढून टोपलीत घातला. "अहो, स्वल्प थांबा," असं ती म्हणाली होती. मी थांबलो नाही.

रिक्षात तीही बसली. म्हणाली, हेब्बाळचं तळं बघायचंय. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गावाबाहेर. पूल नव्हता, मोठ्या इमारती नव्हत्या, तळ्यावर पक्षी आणि रस्त्याला बैलगाड्या. तिच्या मांडीवरची पिशवी डब्याच्या मानानं जरा फुगलेली होती. मी विचारलं, तर म्हणाली, "तळ्यावर वारा असतो."

शाळेत पोचलो. मांडव, स्पीकर, सगळं होतं, पोरं मात्र दिसेनात. वर्गातल्या लहान लहान बाकांवर म्हातारी माणसं बसली होती, गुडघे हनुवटीला टेकलेले. मला वाटलं पोरांचे आजे-आज्या बक्षिसं बघायला आलेत. काहींच्या भुवईवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. मला वाटलं ह्या शाळेचा मान देण्याचा प्रकार असेल. नव्या वस्तीत नवीन पद्धती.

पंजाबी ड्रेस घातलेली, छातीला बिल्ला लावलेली एक मुलगी धावत आली. क्लबाच्या तरुण शाखेची. बायकोनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तिनं माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर, बाकावर नाही. मी खूश झालो.

"काका, जरा वर बघा हं," ती म्हणाली.

वर काही सजावट असेल म्हणून मी बघितलं. तेवढ्यात तिनं खालची पापणी ओढून डोळ्यात थेंब टाकला. मी ओरडायच्या आत दुसऱ्या डोळ्यातही.

"हे काय! मी पेटे घेऊन आलोय!"

"हो, छानच आहेत. आता डोळे मिटून बसा. बाहुली मोठी होईल, मग उन्हात जाता येणार नाही."

मी बायकोच्या दिशेला वळलो. "तू म्हणालीस पोरांचा कॅम्प!"

"मी पोरेचा म्हणाले. पोरेचाच आहे. कान तपासायचा कॅम्प वेगळा असतो, त्यालाही नेईन."

आजूबाजूचे म्हातारे हसले. मी उठून निघालो असतो, पण बाहेर ऊन असं पांढरंफेक दिसायला लागलं की दरवाजा कुठे आणि भिंत कुठे कळेना. परत बसलो. बसलो म्हणजे कबूल केलं असं नाही.

ती मुलगी माझ्याजवळच घोटाळत होती. पुण्याकडची होती, वडील इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनीयर. मराठी बोलायला मिळालं म्हणून ती हरखली होती. "काका, तुम्ही मराठी आहात हे ऐकून इतकं मस्त वाटलं! पण तुमचं मराठी किती वेगळं आहे. तुम्ही इथे कधी शिफ्ट झालात?"

"शिफ्ट? आमचे पूर्वज घोड्यावरून आले. तुमचे वडील बदलीवर आले."

"वॉव," ती म्हणाली. माझा टोमणा वाया गेला.

मग भिंतीवर एक तक्ता होता. त्याच्यावर तीन दात्यांचे कंगवे काढलेले, वर मोठे, खाली बारीक होत गेलेले, कुणाचे दाते डावीकडे, कुणाचे वर. अक्षर न येणाऱ्यांसाठी म्हणे. ते दाते कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं. मला भिंत दिसत होती. भिंतीवर काहीतरी आहे, इतपतही दिसत होतं.

"दाखवा ना काका, दाते कुठे आहेत?"

"भिंतीकडे बोट दाखवून बोलायची आमच्यात पद्धत नाही."

"मग तोंडानं सांगा."

"माझे दाते माझ्या तोंडात आहेत. बाकीच्यांचे मी कशाला मोजू?"

ती हसत सुटली. पण सोडलं नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, मावशींनी मला सांगितलंय. तुम्ही रोज उशीतली ओवलेली सुई घेता." काकाचा आजोबा कधी झालो ते मला कळलं नाही.  

माझ्या शेजारी देवनहळ्ळीकडच्या एका खेड्यातली अज्जी होती. माझ्याहून मोठी, दात नसलेली, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. तिची पोरे पिकली होती आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती. डोळा काढून तिथे गोटी बसवतात, असं तिला गावात कुणी सांगितलं होतं. त्या मुलीचं कन्नड तोडकंमोडकं. तिनं समजावलं की अज्जी आणखी घाबरायची. शेवटी मुलगी मला म्हणाली, "तुम्ही सांगा ना. तुमचं कन्नड चांगलं आहे."

आता कुणी माझ्या कन्नडाचं कौतुक केल्यावर मी मागे कसा राहीन? मी अज्जीला सांगायला लागलो. गोटी नाही, एक पातळ भिंग आत बसवतात. साय काढली की दूध तेच राहतं. दुखत नाही. माणसानं भ्यायचं कशाला? भित्र्याला देवसुद्धा अर्धंच दर्शन देतो. बोलता बोलता मला जोर चढला. सगळा वर्ग ऐकत होता. भिंग, चाकू, काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं, सगळं सेक्रेटरीच्या तोंडून दर महिन्याला ऐकलेलं, पण मी असं सांगितलं की जणू रोज दोन डोळे उघडून मगच पेटा बांधायला बसतो.

अज्जीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नीन मोदलु होगप्पा."

म्हणजे, तू आधी जा की रे बाबा.

 बायकोनं पिशवी उघडल्याचा आवाज आला. तिच्यात माझं लुंगी-बनियन, टॉवेल, तांब्या, सगळं होतं. वारा कुठला आणि काय.

त्या वेळी उठून घरी गेलो असतो तर डोळे वाचले असते की नाही ते देव जाणे, पण एका बिनदाताच्या बाईसमोर माझी पाठ दिसली असती. मी म्हटलं, "जातो. त्यात काय?" डॉक्टरनं डोळा तपासल्यावर मुलीनं माझ्या उजव्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, ह्याच डोळ्याचं ऑपरेशन अशी खूण. सेक्रेटरीला बोलावून मी अट घातली, फुकट चालणार नाही, क्लबाचे पुढचे सगळे सत्कार माझ्या पेट्यांवर, पैसे न घेता. तो म्हणाला, "सरी अण्णा, तुम्ही म्हणाल तसं." फार लवकर कबूल झाला. नंतर कळलं की बायकोनं त्याला ही अट आधीच सांगून ठेवली होती.

आम्हाला सगळ्यांना बसमध्ये घालून इस्पितळात नेलं. ऑपरेशनच्या टेबलावर मी घाबरलो होतो. सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. तोंडावर हिरवं फडकं, आणि मी मनातल्या मनात पेटा बांधत होतो. एक चुणी, दुसरी चुणी. अर्धा पेटा झाला तेवढ्यात डॉक्टर म्हणाला, झालं. मी म्हटलं, अजून अर्धा राहिलाय. त्याला काही कळलं नाही.

बाहेर आणलं तर अज्जी स्ट्रेचरवर तयार. "बदुकिद्दियेनो?" तिनं विचारलं. जिवंत आहेस का रे? मी म्हटलं, अजून तरी. मग तीही ऑपरेशनला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायची होती. क्लबाची मंडळी हार घेऊन आली. कॅम्पच्या दिवशी डॉक्टरला कामातून मान वर करायला वेळ मिळाला नव्हता, त्याचा सत्कार राहून गेला होता. तो आमच्याच वॉर्डात, आमच्यासमोर करायचा असं ठरलं. मला टाळ्या ऐकू आल्या, शालीची घडी मोडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर तसाच सजलेला माझ्या खाटेशी आला आणि त्यानं पट्टी काढली.

पहिल्यांदा नुसतं पाणी. मग रंग आले. पांढरं खरोखरच पांढरं होतं, पिवळं नव्हतं. डॉक्टरनं बोटं वर धरली. "किती?"

मी बोटांकडे बघितलंच नाही. मी त्याच्या डोक्याकडे बघत होतो.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हा पेटा कुणी बांधला?"

चुण्या एकीवर एक चढलेल्या. पुढचा जरीचा काठ कपाळावरून उतरणीला लागलेला. डाव्या कानावर एक टाका उघडा, पांढऱ्या कापडावर लाल दोरा, लांबून दिसणारा. गावच्या जत्रेतला माकडवालासुद्धा आपल्या माकडाला असा पेटा घालणार नाही.

सेक्रेटरी खाकरला. "अण्णा, तुमचाच आहे."

"माझा? शक्य नाही." मी क्लबाच्या अध्यक्षाकडे बघितलं. त्याच्याही डोक्यावर पेटा, त्याच महिन्यात माझ्याकडून नेलेला. तो मात्र सुरेख, चुणीला चुणी लागलेली, टाका कुठे दिसेना. "तो बघा, तो माझा."

तेव्हा खाटेच्या पायथ्याशी बायको दिसली. ती खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर भिंतीशिवाय काही नव्हतं.

"अगं," मी म्हटलं.

"काय?"

"धूळ झटकत होतीस नाही का त्या सकाळी?"

"झटकू कुठे दिलीत? हातातून ओढून नेलात. तो एकच राहिला."

तो एकच राहिला. मग बाकीचे? मला कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कॉफी आठवली. परत यायचो तेव्हा फळीवर ओळीनं मांडलेले पेटे, आणि त्यांच्यावरून समाधानानं फिरणारी माझी बोटं.

वॉर्डात सगळ्यांना कळलं होतं की काहीतरी झालंय, काय ते मात्र कळलं नव्हतं. पलीकडच्या खाटेवर अज्जी उताणी पडून, एका डोळ्यावर पट्टी, विचारत होती, "एनंते? एनंते?" काय म्हणतोय, काय म्हणतोय?

मी हात लांब करून डॉक्टरच्या डोक्यावरचा पेटा काढून घेतला. तो बिचारा शाल-हारासकट बोडका उभा. "ह्या पेट्यावर कुणाचा मान होत नाही," मी म्हटलं. "सुई-दोरा आणा."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाला. "खाली वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही. महिनाभर तरी."

ती मुलगीही म्हणाली, "आजोबा, प्लीज."

पेटा माझ्या मांडीवर होता. तो उघडा टाका मी बोटानं चाचपला.  मग इतक्या लोकांसमोर तो मी बायकोपुढे धरला.

"घे. नीट कर."

तिनं माझ्याकडे बघितलं. मंगळसूत्राला अडकवलेली सुई काढली. दोरा तिच्यात होताच. खाटेच्या कडेला बसून तिनं टाके उसवले आणि चुण्या पहिल्यापासून घालायला घेतल्या. मी उशीला टेकून नव्या डोळ्यानं बघत होतो. ती अंगठ्यानं चुणी दाबायची आणि करंगळीनं पुढचं कापड ताणून धरायची. ही करंगळी आमच्या घराण्यात कुणी वापरलेली नाही. आजोबांनी नाही, वडिलांनी नाही. पण चुणी अशी बसत होती की जणू कापड विणतानाच ती घातली होती.

"अंगठा जरा खाली घे," मी म्हटलं.

"वाकायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर?" सुई न थांबवता ती म्हणाली. "बोलायचंही नाही."

"असं मी म्हणालो नाही," डॉक्टर म्हणाला.

"आता म्हणा," बायको म्हणाली.

डॉक्टर म्हणाला. क्लबाची सगळी मंडळी हार हातात धरून पेटा पुरा व्हायची वाट बघत उभी राहिली, आणि मी गप्प बसून बघत राहिलो. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.